'उमेदवार मिळाले नाहीत': शिकाऊ उमेदवारीतल्या राखीव जागा कुणी खाल्ल्या?

खाजगी क्षेत्रात आरक्षण असावे की नसावे, या विषयावर आपल्याकडे गेली वीस वर्षे चर्चासत्रे झडत आहेत. उद्योगपती टीव्हीवर येऊन 'मेरिट'ची काळजी करतात, अर्थतज्ज्ञ गुंतवणूक पळून जाईल म्हणून घाबरवतात आणि आपले पुढारी दर निवडणुकीला जाहीरनाम्यात एक ओळ टाकून मोकळे होतात. या गदारोळात एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही. खाजगी कारखान्याच्या दारात आरक्षण पन्नास वर्षांपूर्वीच पोचले आहे. नोकरीत नाही, पण नोकरीच्या आधीच्या पायरीवर. ती पायरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी, जिला आपण सगळे 'अप्रेंटिस' म्हणतो.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. १९७३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन कलम ३अ आले. हे कलम सांगते की प्रत्येक अधिसूचित ट्रेडमध्ये मालकाने अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी शिकण्याच्या जागा राखून ठेवल्या पाहिजेत. प्रमाण राज्यातल्या लोकसंख्येनुसार ठरते. २००७ च्या दुरुस्तीने कलम ३ब आले आणि ओबीसींसाठीही जागा राखीव झाल्या. यात 'मालक' म्हणजे फक्त सरकारी मालक नाही. रेल्वेचा वर्कशॉप असो, सरकारी पोलाद कारखाना असो की चाकण, पिथमपूर, होसूर, मानेसरमधली खाजगी कंपनी असो, कायदा सर्वांना सारखाच लागू आहे. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि या मोजणीत ठेक्यावरचे कामगारही धरले जातात. म्हणजे जागा थोड्या नाहीत.

मग या राखीव जागांवर शिकून बाहेर पडलेले आपले फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन कुठे आहेत?

उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. ते १९९२ च्या शिकाऊ उमेदवारी नियमांतच आहे. नियम पाच सांगतो की अनुसूचित जातीचे उमेदवार 'उपलब्ध नसतील' तर ती जागा अनुसूचित जमातीने भरावी, जमातीचे नसतील तर जातीने भरावी, आणि दोन्ही नसतील तर ती जागा इतर कुणीही भरावी. पुढच्या वर्षी अनुशेष म्हणून ती पुढे नेण्याची सक्ती या नियमात नाही. सरकारी नोकरीतल्या अनुशेषासाठी आपण रस्त्यावर आलो, कोर्टात गेलो. इथे अनुशेष तयारच होत नाही. वर्ष संपले की जागाही संपते आणि आपला हक्कही.

आता शिक्षा पाहा. २०१४ पर्यंत या कायद्यात मालकाला तुरुंगाची तरतूद होती, तीही २०१४ च्या दुरुस्तीने काढून टाकली. एकूण संख्येपेक्षा कमी उमेदवार घेतले तर प्रत्येक रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने ५०० रुपये आणि पुढे १००० रुपये महिना दंड, तोही आधी नोटीस देऊन, खुलासा मागवून. हा दंड संख्येचा आहे. संख्या पूर्ण भरली पण त्यात अनुसूचित जातीचा एकही उमेदवार नाही, तर काय? त्यासाठी स्वतंत्र शिक्षा कायद्यात दिसत नाही. उरते ते इतर सर्व उल्लंघनांसाठीचे कलम ३१, म्हणजे एक हजार ते तीन हजार रुपये. एका उमेदवाराला महिनाभर द्यायच्या विद्यावेतनापेक्षाही हा आकडा लहान आहे. कायदा मोडणे कायदा पाळण्यापेक्षा स्वस्त असेल, तर मालक काय निवडेल हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

पीएच.डी.च्या कामासाठी मी औद्योगिक वसाहतींत आणि आयटीआयमध्ये फिरते. एका मोठ्या कंपनीच्या एचआर अधिकाऱ्याला मी राखीव जागांबद्दल विचारले. ते अभिमानाने म्हणाले, "मॅडम, आम्ही जात बघतच नाही." माझ्यासमोर बसलेला माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखर वाटत होते की त्याने काहीतरी पुरोगामी सांगितले. पण विचार करा. ज्या कायद्यात जातीनुसार जागा राखायच्या आहेत, त्या कायद्याखाली 'आम्ही जात बघत नाही' हे पुरोगामित्व नसून कायदाभंगाची कबुली आहे. तीही हसतमुखाने दिलेली, कारण विचारायला कुणी येणार नाही याची खात्री आहे.

आणि जात खरोखर बघत नाहीत का? सुखदेव थोरात आणि पॉल अट्वेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत एक प्रश्न वारंवार येतो, तो म्हणजे 'फॅमिली बॅकग्राउंड'. वडील काय करतात, घरी कोण आहे, गाव कुठले. जात न विचारता जात काढून घेण्याचा हा सभ्य मार्ग आहे. पदवीधरांच्या बाबतीत जे घडते ते दहावी पास वेल्डरच्या बाबतीत घडत नसेल, असे मानायला काही आधार नाही.

शिकण्याच्या जागेवरून हाकलणे ही जातीची जुनी रीत आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत साळखाते, म्हणजे विणाईचे खाते, हे चांगल्या पगाराचे खाते होते. तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर बाबिन बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावायला तयार नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांची एकजूट हवी असेल तर साळखात्याचे दार आधी उघडा, असे त्यांचे म्हणणे होते. लक्षात घ्या, आपल्या माणसांना विणता येणार नाही असे तिथे कुणी म्हणत नव्हते. गावोगावच्या महारांची विणकामाशी जुनी ओळख होती. अडचण हाताची नव्हती, ओठाची होती. पण साळखात्यात उभेच राहू दिले नाही, तर माग चालवायला शिकणार कुठे? आणि शिकला नाही, तर पुढच्या पिढीत मालक सांगणार, "यांच्यात कुशल माणूस मिळत नाही."

हे वाक्य शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. २००६ मध्ये खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा तापली तेव्हा सीआयआय आणि असोचॅम या उद्योगसंघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला. कायद्याने आरक्षण नको, आम्ही स्वेच्छेने करू, दलित-आदिवासी तरुणांना 'रोजगारक्षम' बनवू, प्रशिक्षण देऊ, अशी उद्योगांची भूमिका होती. माध्यमांनी त्या उदारपणाचे कौतुकही केले. पण जे देऊ म्हणून सांगितले जात होते, ते देणे तर १९७३ पासून कायद्याने बंधनकारक होते! प्रशिक्षणाच्या जागा राखणे ही मेहेरबानी नव्हतीच, ती थकबाकी होती. तेहतीस वर्षांची थकबाकी दान म्हणून जाहीर केली गेली आणि हिशेब मागायचे आपल्याही लक्षात आले नाही.

आता सरकारी आकड्यांकडे येऊ. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. १० हजार कोटींची योजना. लक्ष्य काय होते, तर शिकाऊ उमेदवारांची संख्या २.३ लाखांवरून २०२० पर्यंत एकूण ५० लाखांवर न्यायची. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल दीड हजार रुपये महिना, केंद्र सरकार भरणार. सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार २०२५ च्या मध्यापर्यंत हा एकूण आकडा ४३ लाखांच्या आसपास पोचला. २०२० चे लक्ष्य २०२५ मध्येही गाठले गेले नाही, आणि जाहिराती मात्र विक्रमाच्या आहेत.

पण माझा आक्षेप लक्ष्य हुकण्याला नाही. आक्षेप मोजण्याच्या पद्धतीला आहे. 'किती रुजू झाले' हा आकडा पुढे येतो. त्यातले किती मुदत पूर्ण होईपर्यंत टिकले, किती परीक्षेला बसले, किती पास झाले आणि पास झालेल्यांपैकी किती जणांना त्याच कंपनीने कामावर घेतले, हे चारही प्रश्न जातीनिहाय विचारल्याशिवाय या आकड्यांना अर्थ नाही. संसदेत प्रश्न विचारला की कधीतरी प्रवर्गाचे एकूण आकडे मिळतात. पण माझ्या तालुक्यातल्या अमुक कंपनीने इलेक्ट्रिशियनच्या अमुक जागांपैकी किती राखल्या, किती भरल्या आणि न भरलेल्या कुणाला दिल्या, हे आयटीआयच्या नोटीस बोर्डवर लागलेले मी अजून पाहिलेले नाही. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना सेबी दरवर्षी शाश्वततेचा अहवाल द्यायला लावते. त्यात किती स्त्रिया, किती अपंग कर्मचारी हा तपशील मागितला जातो. जातीचा रकाना त्यात नाही. जे मोजलेच जात नाही, त्याचा जाब कोण देणार?

आणखी एक मेख आहे. २०१४ च्या दुरुस्तीने 'ऐच्छिक ट्रेड' नावाचा प्रकार आणला. सरकारने अधिसूचित केलेल्या ट्रेडऐवजी मालक स्वतः ट्रेड आणि अभ्यासक्रम ठरवू शकतो. कलम ३अ मात्र १९७३ च्या भाषेतच आहे. ते अधिसूचित ट्रेडबद्दल बोलते, ऐच्छिक ट्रेडचे नाव त्यात नाही. म्हणजे जो दरवाजा नव्याने उघडला, त्यावर आपल्या हक्काची पाटीच नाही. मंडल असो की खाजगीकरण, नवा रस्ता बांधताना आपली गल्ली वगळायची ही हातोटी आपण चांगलीच ओळखतो.

'मुलेच येत नाहीत' या म्हणण्यात थोडे तथ्य असेलही. पण का येत नाहीत ते पाहा. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्या उमेदवाराला पहिल्या वर्षी किमान ७ हजार रुपये विद्यावेतन आहे. बीड किंवा यवतमाळच्या भूमिहीन घरातला मुलगा चाकणला आला, तर खोलीचे भाडे, मेस आणि येण्याजाण्याचे पैसे काढून त्याच्या हातात काय उरते? ज्याच्या घरी शेत आहे, मामाचा फ्लॅट आहे, वडिलांचा पगार आहे, तो वर्षभर शिकू शकतो. ज्याच्या घरून दरमहा पैशाची अपेक्षा आहे, तो ठेकेदाराकडे लाईनवर उभा राहतो, कारण तिथे पहिल्या महिन्यापासून त्यापेक्षा जास्त मिळतात. मग त्याच कारखान्यात, त्याच मशिनवर, एक मुलगा 'प्रशिक्षित' होतो आणि दुसरा 'हेल्पर' राहतो. पाच वर्षांनी पहिल्याकडे प्रमाणपत्र असते, दुसऱ्याकडे पाठदुखी. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. चांगले आहे. पण वसतिगृहाशिवाय ही वाढ भाड्यातच जाईल. शिकाऊ उमेदवारासाठी वसतिगृह मागणे ही आपल्या विद्यार्थी चळवळीची मागणी का झाली नाही, हेही आपण स्वतःला विचारायला हवे.

समजा, मुलगा टिकला, पास झाला. पुढे काय? कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. भविष्यनिर्वाह निधी नाही. यंत्रात हात गेला तर मात्र भरपाईपुरता कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्याला लागू होतो. कलम २२ सांगते की करारात तशी अट नसेल तर मालकावर त्याला नोकरी देण्याचे बंधन नाही. २०१४ नंतर एवढेच झाले की भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवायचे. १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इतर बाबी सारख्या असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. पण 'इतर बाबी' कधी सारख्या असतात हे ठरवणार कोण?

२० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेली शेकडो मुले माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसली. कोण बिहारचा, कोण महाराष्ट्राचा. रेल्वेने भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या, त्याही पुन्हा परीक्षा देऊन. मुलांचे म्हणणे होते की आम्हाला शिकवले तुम्हीच, काम करून घेतले तुम्हीच, आता सामावून घ्या. त्यांच्यावर लाठ्या पडल्या. लोकल बंद झाल्या म्हणून माध्यमे चिडली, मागणी काय होती ते दुसऱ्या दिवशी विसरून गेली.

याच रेल्वेत 'अप्रेंटिस' या शब्दाचा दुसराही एक अर्थ होता. जमालपूरला स्पेशल क्लास अप्रेंटिस घेतले जात, यूपीएससीच्या परीक्षेतून. बारावी झालेली मुले तिथे शिकत आणि थेट वर्ग एकचे अधिकारी होत. शिकाऊ असतानाच त्यांची खुर्ची ठरलेली असे. म्हणजे शिकवून नोकरीत घेणे सरकारला जमत नाही असे नाही. ते कुणासाठी जमवायचे एवढाच प्रश्न आहे.

आपल्यातलेही काही जण म्हणतील की सात हजारांच्या जागांसाठी कशाला भांडायचे, हे तर स्वस्त मजूर पुरवण्याचे यंत्र आहे. शंका रास्त आहे. अनेक कंपन्या शिकाऊ उमेदवाराला उत्पादनाच्या लाईनवर उभे करतात, शिकवत काही नाहीत, आणि वर्ष संपले की नवी तुकडी आणतात. नोकरीच्या हमीशिवाय राखीव जागा म्हणजे स्वस्त मजुरीतला कोटा होईल, हे मलाही मान्य आहे. पण आज आपण त्या यंत्राच्या बाहेर आहोत असे थोडेच आहे? आपण त्याच कारखान्यात आहोत, ठेक्यावर, सफाईत, लोडिंगमध्ये, प्रमाणपत्राशिवाय. म्हणून मागणी अर्धी करून चालणार नाही. शिकण्याची जागा आणि शिकल्यानंतरची नोकरी, दोन्हींत हिस्सा मागायला हवा.

आणि हीच वेळ आहे, कारण दुसऱ्या बाजूने दुसरेच शिकणे आपल्या गळ्यात घातले जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी अशा अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, १५ हजारांची अवजारे, स्वस्त कर्ज. हेतू सांगितला आहे 'गुरु-शिष्य परंपरा' आणि कुटुंबात चालत आलेले कौशल्य मजबूत करण्याचा. आज त्या धंद्यावर पोट असलेल्या कारागिराला पैसा मिळतो याला माझा विरोध नाही, त्याला तो मिळालाच पाहिजे. पण चांभाराच्या अठरा वर्षांच्या मुलाला सरकार काय सांगते ते ऐका. बापाच्या धंद्यात ये, अवजारे देतो. सीएनसी मशिनच्या ट्रेडला गेलास तर मात्र तुझी राखीव जागा 'उपलब्ध नाही' म्हणून दुसऱ्याला गेली, त्याला आम्ही काय करणार! तामिळनाडूने १९५३ मध्ये राजाजींची 'कुलकल्वी' योजना पाहिली होती. अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात. पेरियार आणि द्रविड चळवळीने ती वर्षभरात हाणून पाडली. २०२४ मध्ये त्याच राज्याने विश्वकर्मा योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला आणि जातीशी, घराण्याशी न बांधलेली स्वतःची योजना आणली. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव दिवसातून दहादा घेणाऱ्या महाराष्ट्रात यावर किती भाषणे झाली?

मागण्या सरळ आहेत. एक, प्रत्येक आस्थापनेच्या राखीव जागा, भरलेल्या जागा आणि निकाल ट्रेडनिहाय जाहीर झाले पाहिजेत. दोन, नियम पाचमधली 'उपलब्ध नसल्यास' ही पळवाट बंद करून न भरलेली जागा पुढच्या वर्षी नेली पाहिजे, आणि 'उपलब्ध नाहीत' हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली पाहिजे. तीन, कलम ३अ आणि ३ब ऐच्छिक ट्रेडना स्पष्टपणे लागू केली पाहिजेत. चार, आरक्षण मोडणाऱ्या मालकाला केंद्राचा दीड हजाराचा वाटा मिळता कामा नये. पाच, पास झालेल्या उमेदवारांपैकी ठरावीक हिस्सा त्याच आस्थापनेने राखीव प्रमाणासह नोकरीत घेतला पाहिजे.

हे सगळे होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. जवळच्या पाच मोठ्या कंपन्यांची नावे लिहा आणि गेल्या तीन वर्षांत अधिसूचित ट्रेडच्या किती जागा अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी राखल्या, किती भरल्या आणि 'उपलब्ध नाहीत' म्हणून किती वळवल्या, एवढेच विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आले तर आपल्या हातात आकडा येईल. उत्तर नाही आले, किंवा 'माहिती ठेवली जात नाही' असे आले, तर तेही उत्तरच आहे. ते घेऊन आमदाराच्या, खासदाराच्या, युनियनच्या दारात जा. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची पुढची लढाई नव्या कायद्यासाठी होईल तेव्हा होईल. जो कायदा पन्नास वर्षे पडून आहे, त्याचा हिशेब आजच मागता येतो.

जय भीम.